बरडातला हुरडा

गोविंदा गेल्याचं मला कळलं ते वर्ध्याच्या बाजारात, मेथीची जुडी हातात असताना. गावाकडचा एक ओळखीचा माणूस समोर आला आणि म्हणाला, "ताई, तुमचा गोविंदा गेला नं! छातीत कळ आली अन् वावरात बसला, तो बसलाच." मी विचारलं, "कोणत्या वावरात?" माणूस मेल्याचं ऐकून पहिला प्रश्न हा! तो जरा गोंधळला. "मालकाच्याच की," म्हणाला. मालक म्हणजे माझे वडील. मला उगाच वाटलं होतं, की निदान शेवटचा श्वास त्यानं स्वतःच्या वावरात घेतला असेल...

आमचं गाव समुद्रपूरच्या बाजूला. तिथे गोविंदा आमचा सालदार होता, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी. मला खांद्यावर बसवून त्यानं अख्खं शिवार दाखवलं. भारी थट्टेखोर माणूस. मी रडले की म्हणायचा, "रड वं रड, पऱ्हाटीले पानी लागतेच हाय." पऱ्हाटी म्हणजे कपाशी. पुढे देश स्वतंत्र झाला, मतपेट्या आल्या, बाबांची मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करायचा हक्क, गेली. बाबा तेव्हा महिनाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मग एके दिवशी भूदानाची पदयात्रा गावात आली आणि मारोतीच्या पारावर सभा भरली. सगळ्यांच्या आधी बाबा उठून उभे राहिले. जमीन दिली! त्यांच्या गळ्यात सूतगुंडीचा हार पडला, टाळ्या झाल्या, मला तर रडूच फुटलं. गावानं भूमिहीनांतून गोविंदाला निवडलं, आणि तो बाबांच्या पायाशी वाकला तेव्हा बाबांनी त्याला उठवून छातीशी धरलं. बाबांना मी त्या दिवशी जितकं मानलं तितकं कधी मानलं नव्हतं.

संध्याकाळी गोविंदा ओसरीवर आला आणि मला म्हणाला, "ताई, आता मले सालदार म्हनू नोको. कास्तकार म्हन, सोताच्या वावराचा!" मी म्हटलं, "बरं कास्तकार, चहा घेणार का?" तर हा पठ्ठ्या आयुष्यात पहिल्यांदा ओसरीच्या कडेवर टेकला. नेहमी खाली अंगणात बसायचा.

दिलेली जमीन बरडावरची होती. हे मला माहीत होतं, पण बरड म्हणजे काय हे मला कुठे ठाऊक? पुढे माझं लग्न होऊन मी वर्ध्याला आले. दर हिवाळ्यात माहेरी गेले की गोविंदा दुपट्ट्यात बांधून ज्वारीची कणसं आणायचा. "मालक, तुमच्या दानाचा हुरडा!" अंगणात गोवऱ्या पेटायच्या, कणसं भाजली जायची, बाबा आल्यागेल्याला हातावर दाणे घालून सांगायचे, "गोविंदाच्या वावरातला आहे, खाऊन बघा." भूदान कमिटीची माणसं चौकशीला आली, की त्यांनाही तेच. जमीन पडीक ठेवली तर कमिटी परत घेते, हे मी तेव्हाच ऐकलं. मी मात्र वर्ध्याला येऊन मैत्रिणींत मिरवत होते, की आमच्या बाबांनी दिलेल्या मातीत सोनं पिकतं. आज ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

तेराव्याला मी गावी गेले. गोविंदाची बायको गिरजा खोलीत बसली होती. तिच्या मागे भिंतीला तिफण टेकवलेली होती, पेरणीची, बाभळीच्या लाकडाची, गोविंदानं हौसेनं सुताराकडून करून घेतलेली. तिफणीला हळदकुंकू लावलेलं. मी फणाला हात लावला तर लोखंड लोहाराकडून आलं तसंच होतं, टोकाला जराही झीज नाही.

"ही वापरली नाही का गं कधी?"

"कुठी वापरू वं ताई? दोन बोटं खाली खडकच हाय. एक साल हातानंच बी फेकलं, ते पाखरानं खाल्लं."

"मग हुरडा?"

गिरजा पदराशी चाळा करत राहिली. "तुमच्याच काळ्या वावरातला होता. मजुरीले जाये तं चार कनसं मोडून आने. पिकत नाई म्हनलं असतं तं कमिटीनं वापस घेतलं असतं. मंग पुन्ना सालदारच. त्यायले कास्तकार म्हनून मरायचं होतं." मग हळूच विचारलं, "ताई, आता वावर जाईन का हो?"

मी तरातरा घरी आले. बाबा ओसरीवर होते, वर भिंतीवर तो सूतगुंडीचा हार. मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "पहिल्याच वर्षी ओळखलं होतं मी. माझ्या ज्वारीची चव मला कळणार नाही?" म्हणजे स्वतःचाच हुरडा खात ते सहा हिवाळे दाते म्हणून बसले होते! मी म्हटलं, "बाबा, काळ्या वावरातला एक तुकडा गिरजाच्या नावे करा." ते हाराकडे पाहत म्हणाले, "दान एकदाच करायचं असतं, बेटा." मला त्यांची इतकी लाज वाटली... आणि त्याच दानाच्या कौतुकावर पोसलेल्या माझीही.

मोटारीची वेळ झाली तेव्हा गिरजा आमच्या दारात आली. हातात गोविंदाचा दुपट्टा, त्यात भाजलेली कणसं. "यंदाचा राह्यला होता. मालकाले द्याजो." ओसरीवर नेमकी कमिटीची दोन माणसं बसली होती. गिरजाचे डोळे माझ्यावर खिळलेले. मी दुपट्ट्याची गाठ सोडली आणि म्हटलं, "बाबा, गोविंदाच्या वावरातला हुरडा." बाबांनी दाणे हातावर घेतले. "छान आहे," म्हणाले. पाहुण्यांनीही खाल्ला.

रिकामा दुपट्टा माझ्याबरोबर वर्ध्याला आला. धुऊन खुंटीला टांगलाय, परत करायला जायचा धीर होत नाही. ज्याच्यासाठी हे लिहिलं त्याचं नाव गोविंदा नव्हतं, बायकोचंही गिरजा नाही. गावाचं नाव मी लिहिलंच नाही. मेलेल्या माणसाच्या आठवणीत निदान त्याचं नाव तरी खरं असावं, पण ते इथे छापलं तर त्याचं वावर जाईल.