पावलिशिनांची काथवट

मेलानिया बोयचुक हिने काल्येनिव्काच्या पोस्टात एकतीस वर्षं काम केलं आणि एकही पत्र चुकीच्या घरी जाऊ दिलं नाही. गावातली शाळा बंद पडली तेव्हा त्याच इमारतीत तिने वस्तुसंग्रहालय उभं केलं. समुद्रापलीकडून येऊन इथे वसलेल्या पहिल्या शेतकऱ्यांचे नांगर, चरखे, लग्नाच्या भरतकामाच्या ओढण्या. प्रत्येक वस्तूपाशी तिच्या सुवाच्य अक्षरातलं कार्ड असे. कार्डावर खोटं काही जाऊ नये, एवढा एकच धसका तिला जन्मभर होता.

सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे पावलिशिन कुटुंबाची लाकडी काथवट, पीठ मळायची लांबट खोलगट परात. दर जुलैच्या दुसऱ्या रविवारी चर्च सुटलं की गावातली पोरंबाळं रांगेत उभी राहून तिच्यात पीठ मळत आणि संध्याकाळी सगळं गाव तो पाव खाई. बारा वर्षं हे चाललं होतं.

१९९८च्या जुलैत, त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी मेलानिया वृद्धाश्रमात गेली ती फक्त काथवट कधीची ते कार्डासाठी विचारायला. पावलिशिनांपैकी टेक्लाआजीच तेवढी उरली होती. वय वर्षं त्र्याण्णव.

"काथवट होय," टेक्लाआजी म्हणाली. "आमचा पेत्रो होता तिच्यात."

"झोपायचा का?"

"मेलेला होता गं. बाराच्या साली, जानेवारीत. तीन आठवड्यांचा. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ वाजायची नुसती. मग बाबांनी त्याला काथवटीत ठेवून कोठारात नेलं. एप्रिलपर्यंत."

तेवढ्यात परिचारिका आजीला जेवायला घेऊन गेली. मेलानिया टोपी हातात धरून तशीच बसून राहिली.

शनिवारी तिने संग्रहालय मंडळाची अध्यक्ष ओरिसिया हिला सगळं सांगितलं.

"अगो बाई!" ओरिसिया मटकन खुर्चीत बसली. मग सावरून म्हणाली, "हे बघ, तू काही बोलली नाहीस, मी काही ऐकलं नाही. चार पोती पीठ येऊन पडलंय."

"कार्डावर काय लिहू?"

"आहे तेच राहू दे की! तुझं कार्ड वाचतंय कोण? लोक पाव खायला येतात, मेलानिया."

"बारा वर्षं मी लेकरांना तिच्यात हात घालायला लावले, ओरिसिया."

"आणि एकाला तरी पडसं झालं का?"

मेलानियाने काथवटीवरचं फडकं काढलं, बोट लावायला गेली आणि हात मागे घेतला. मळायचं थांबवावं, तर गावाला कारण सांगावं लागणार. मळू द्यावं, तर ती त्या बाळाची विटंबना तर नव्हे? याचं उत्तर एकाच माणसापाशी होतं.

रविवारी प्रार्थना सोडून ती वृद्धाश्रमात गेली.

"आजी, आज तिच्यात पीठ मळायचंय. थांबवू का?"

"का?"

"तुमचा भाऊ..."

"मग? दुसरी काथवट आई आणणार होती कुठून?" टेक्लाआजी चिडली. "जमीन मऊ झाली, त्याला पुरला. आईने काथवट राखेच्या पाण्याने घास घास घासली आणि त्याच आठवड्यात ईस्टरचा पाव मळला. रडत होती, पण मळत होती. खाणारी पाच तोंडं होती घरात."

"कार्डावर लिहिलं तर चालेल?"

"लिही. पण नुसतं 'बाळ' लिहू नकोस. पेत्रो लिही."

दुपारी एकला पेत्रोचं नाव लिहिलेलं नवं कार्ड लागलं. ओरिसियाने ते वाचलं आणि कपाळावर हात मारला. रांगेतल्या एका बाईने मुलीचा हात धरला आणि ती सरळ गाडीकडे चालू लागली. मागची माणसं कार्डापाशी वाकून आपसांत कुजबुजू लागली. कोणी पुढे येईना.

तिने बाह्या सारल्या आणि दोन्ही हात पिठात घातले.

बराच वेळ ती एकटीच मळत होती. मग ओरिसियाने बोटातली अंगठी काढून खिशात टाकली.

"सरक तिकडे," ती पुटपुटली. "पाणी कमी घातलंयस."