मोठ्या टाईपाची पुस्तकं आणि सासूबाईंचे डोळे

फजिती ऐकायचीय ना? मग चहा ओतून घ्या तुम्हीच. मी आता उठणार नाही, त्या उन्हाळ्यापासून दमलेली आहे.

मी कॉलेजात मराठी शिकवते. आणि माझा चौदा वर्षांचा ओजस पुस्तक दिसलं की बाथरूममध्ये जाऊन बसतो! त्याला डिस्लेक्सिया आहे, वर एडीएचडी. अक्षरं त्याच्यापुढं स्थिर बसत नाहीत आणि तो आमच्यापुढं.

त्याला शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "मोठा टाईप, छोटा मजकूर आणि त्याच्या आवडीचा विषय. या सुट्टीत एक तरी पुस्तक त्यानं आपणहून उघडलं पाहिजे. नाहीतर पुस्तकांवरचा राग कायमचा बसेल. आणि हो, काय हवं ते त्यालाच विचारा."

मी विचारलं? छे! मराठीची प्राध्यापक मी, मला कशाला विचारावं लागतंय?

गेले शहागंजात. सासरे ज्यांच्याकडून पुस्तकं घ्यायचे, त्या चाचांचं जुनं दुकान आहे तिथं. मोठ्या टाईपाची पुस्तकं मागितली.

"बडे हर्फां की किताबां होना? किसके वास्ते?" चाचांनी विचारलं.

आता बघा, "मुलासाठी" एवढंच म्हणायचं होतं. पण दुकानात चार माणसं, त्यात माझी एक विद्यार्थिनी. तोंडातून निघून गेलं, "सासूबाईंसाठी."

"या अल्ला! अम्मा की आंखां?"

मी नुसती मान हलवली. चाचांनी हळहळत गठ्ठा बांधून दिला. दोन पोथ्या, एक भजनांचं आणि एक 'घरगुती औषधं'. चौदा वर्षांच्या पोरासाठी! पण परत कसं करणार? घरी येऊन गठ्ठा टेबलावर टाकला आणि आडवी झाले.

माझ्या नणंदेचे सासरे रोज चाचांकडं पेपर वाचायला बसतात, हे मी विसरले होते. शहागंजातून निघालेली अधू नजर सिल्लोडला, सासूबाईंच्या माहेरी, पोचेपर्यंत मोतीबिंदू झाली होती. तिथून परत आली ती ऑपरेशन बिघडवूनच!

मग सुरू झाली भेटायला येणाऱ्यांची रांग. आमचं घर पडेगावच्या नव्या कॉलनीत. बिल्डरनं जिम दिली, बाग दिली, पाणी तेवढं राहिलं. त्यात त्या वर्षी दुष्काळ, टँकर येईल तेव्हा खरा. आणि पाहुणे मोसंबी घेऊन दारात! त्यांना चहा, पाय धुवायला पाणी, वर कपबशा विसळणं. पिंपातलं पाणी तळाला गेलं.

सासूबाई भडकल्या. "अगं, मी सुईत दोरा ओवते अजून! मला आंधळी केलीस व्हय?"

"दोन दिवस सांभाळून घ्या ना, आई. खरं सांगितलं तर ओजसची चर्चा होईल."

नातवासाठी त्या तयार झाल्या. मग मात्र त्यांना मजाच यायला लागली. काळा गॉगल लावून पलंगावर बसायच्या. मोसंबी सोलून हातात मिळायची. फक्त मध्येच म्हणायच्या, "तुमच्या बशीत माशी पडलीय बघा." पाहुणे बशीकडं बघायचे, मग गॉगलकडं. मी घाईघाईनं चहा आणायला पळायची.

रविवारी सिल्लोडचे मामा आले, सासूबाईंचे धाकटे भाऊ. चांगले भारदस्त. पुस्तकांचा गठ्ठा बघून गहिवरले. "अक्का, लई सोसलंस. ए ओजस, आजीला वाचून दाखव की रं काहीतरी. प्राध्यापिकेचा पोरगा तू!"

मी चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबले. खोलीत सात-आठ माणसं. शाळेत एकदा सगळ्यांसमोर वाचायला लावलं होतं, तेव्हा महिनाभर हे पोरगं नीट बोललं नव्हतं. आणि आज ते माझ्यामुळं! मला रडूच यायला लागलं.

ओजस उठला. मला वाटलं, चालला बाथरूमकडं. तर गठ्ठ्यातून त्यानं 'घरगुती औषधं' काढलं आणि खुणेचा कागद घातलेलं पान उघडलं. ओळीवर बोट ठेवून, अडखळत, थांबत वाचायला लागला.

"पोटात... वायू... धरल्यास... ओवा..."

मामांनी बसल्याजागी चुळबुळ केली.

"याच्या पुढचं भारी आहे," ओजस म्हणाला. "मूळव्याधीचं. दोन-दोन ओळींचे उपाय आहेत सगळे. मी निम्मं संपवलंय."

निम्मं! मी ट्रे टेकवला. पोथ्यांच्या गठ्ठ्यातून पोरानं आपलं पुस्तक शोधून काढलं होतं, मला पत्ताच नव्हता.

"पण सावकाश का वाचतोस रं?" मामा म्हणाले.

"मला डिस्लेक्सिया आहे, मामाआजोबा. पुस्तकं माझ्यासाठीच आणलीत. आजीच्या डोळ्यांना काही झालेलं नाही."

सासूबाईंनी गॉगल काढला आणि उरलेलं मोसंबं स्वतः सोलायला घेतलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"मग अक्काचं नाव कशाला सांगितलंस, सूनबाई?"

मी तोंड उघडलं. प्राध्यापक बाईंना शब्द सापडेना!

ओजसनं पान उलटलं आणि मामांची समजूत घातली, "आईला तो शब्द लोकांसमोर म्हणता येत नाही अजून. घाई करू नका, जमेल तिला हळूहळू."