ब्रेकचा दिवस

आमच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात कंत्राटावर शिकवणाऱ्या एक मॅडम होत्या. निरगुडसरहून एसटीनं यायच्या. साधं बोलणंही नोट्स सांगितल्यासारखं, सावकाश.

कायम नोकरीचा हक्क लागू नये म्हणून कंत्राटी लोकांना दर सहा महिन्यांनी एक दिवस कामावरून कमी करायचे. ते पत्र मीच टाइप करायचो. इतर लोक त्या दिवशी घरी बसत. एकदा मॅडम मात्र आल्या, दोन तास शिकवलं आणि मुलांच्या सह्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला.

"भाऊ, आवकचा शिक्का मारा."

"मॅडम, आज तुमी कामावर न्हाई. साहेब लई चिडतील."

"मी शिकवलंय. तेवढंच त्यात लिहिलंय."

त्या हलेनात. मी शिक्का मारला. साहेबांनी मला फैलावर घेतलं, मॅडमना पुढची ऑर्डरच निघाली नाही. त्या कोर्टात गेल्या.

वर्षभरानं मंचरच्या स्टँडवर भेटल्या. पुण्याला तारखेला निघाल्या होत्या.

"तो शिक्का तुम्हीच मारला, हे कोर्टात सांगाल?"

मला अजून त्याच साहेबांच्या हाताखाली दिवस काढायचे होते.

"पुढची तारीख कळवा, मॅडम," मी म्हणालो. "रजा टाकतो."