आमच्या घरातला बोगस मतदार

माझ्या बायकोने, मुलीने आणि सासूबाईंनी मिळून मला फसवलं. त्यात नुकसान एकट्या सासूबाईंचं झालं, हे मला मतदानाच्या दिवशी भर रस्त्यात कळलं. पण फसवणूक ती फसवणूकच!

मी गोडदेवला राहतो. टाइल्सचा धंदा आहे. हातगाडीवर तुटक्या टाइल्स विकून सुरुवात केली, आज स्वतःचं दुकान आहे आणि त्या दुकानातली एकही वस्तू मी सांगितल्या भावात घेतलेली नाही. (शोभाला बघायला गेलो होतो तेव्हा कांदेपोहे झाल्यावर सवयीने तोंडातून निघून गेलं, ‘अजून काही दाखवा.’ ते प्रकरण तिने अजून मिटवलेलं नाही.)

मागच्या निवडणुकीत माझं मत माझ्याआधी कोणीतरी देऊन गेलं. दुपारी चारला केंद्रावर पोचलो, तर माझ्या नावावर आधीच रेघ!

“तुम्ही सकाळीच येऊन गेलात,” टेबलावरचा माणूस म्हणाला.

“मी? मग हा कोण उभा आहे?”

“ते तुम्ही सांगायचं.”

खूप आरडाओरडा केल्यावर त्यांनी वेगळ्या कागदावर माझं मत घेतलं आणि पाकिटात बंद केलं. ते पाकीट कोणी उघडलं असेल असं मला वाटत नाही. आयुष्यात मला कोणी चांगली म्हणून एक टाइल फुटकी दिली नाही, आणि अख्खं मत चोरलं! मी तिथेच ठरवलं की पुढच्या खेपेला आपल्या बिल्डिंगमधून एकही बोगस नाव केंद्रापर्यंत पोचणार नाही.

म्हणून या वेळी कच्ची यादी लागल्या लागल्या मी लाल पेन घेऊन बसलो. बिल्डिंगमधली सतरा नावं मला संशयास्पद वाटली. घरात कोणाला बोललो नाही. बायकांना सांगितलं की बातमी फुटते आणि बोगसवाले सावध होतात, असा माझा हिशोब. यादीचं काम बघायला महापालिका शाळेतल्या एक शिक्षिका नेमल्या होत्या. त्यांच्यासमोर जाऊन मी कागद ठेवला.

“ही सतरा काढून टाका.”

“प्रत्येकाचा वेगळा अर्ज भरावा लागेल,” बाई म्हणाल्या. “कारण लिहायचं, खाली सही करायची.”

“घाऊकमध्ये काही होत नाही?”

“काका, ही माणसांची नावं आहेत.”

“बरं, पंधरा काढा. तुमचंही नको, माझंही नको.”

बाईंनी चष्मा काढला. “खोटं लिहिलंत तर गुन्हा आहे, ते छापलंय खाली. या सतरांतलं असं एक तरी नाव सांगा, ज्याची तुम्ही स्वतः खात्री देऊ शकता.”

एक तरी? माझ्याकडे हुकमाचं पान होतं! यादीत चक्क माझ्या घराच्या पत्त्यावर, खोली क्रमांक तीनशे दोनमध्ये, एक बाई घुसवलेली होती. द्रौपदी गोविंद कदम, वय अठ्ठ्याहत्तर. मी टेबलावर हात आपटला. “ही! माझ्या घरात कोण राहतं हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?”

(हे वाक्य मी तेव्हा मोठ्यांदा म्हणालो होतो. हल्ली मनातही म्हणत नाही.)

सतराच्या सतरा अर्ज भरले आणि सह्या ठोकल्या. रविवारी बाई चौकशीला घरी आल्या. शोभा भाजीला गेली होती, मुलगी तन्वी क्लासला. सासूबाईंनी बाईंना पाणी दिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

“या आजी कोण?”

“माझ्या सासूबाई. इंदिराबाई. चार वर्षं आमच्याकडेच असतात. त्यांचं नाव गावाला आहे, रत्नागिरीकडे.”

“आणि द्रौपदी कदम?”

“नावही ऐकलेलं नाही.”

“आजींना एकदा विचारू का?”

“त्यांना काय विचारता? घर माझ्या नावावर आहे. मला विचारा!”

बाईंनी लिहून घेतलं, मी सही केली. तेवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या, बरोबर दोन बिस्किटं. आपण या पत्त्यावर राहत नाही हे लिहून घ्यायला आलेल्या बाईला त्यांनी आग्रहाने अजून अर्धा कप दिला. आलं घालून!

पुढच्या आठवड्यात पोस्टमन दुकानात आला. “शेठ, तुमच्या घराला कुलूप आहे. द्रौपदी कदम यांच्या नावाने नोटीस आहे.”

“अशी कोणी तिथे राहत नाही. परत पाठव.”

“नक्की? गेल्या वर्षी यांचं मतदार कार्ड मी तुमच्याच दारात दिलंय.”

“कोणाच्या हातात?”

“एक म्हातारी होती.”

“बघ! हे लोक म्हाताऱ्यासुद्धा भाड्याने आणतात!”

पोस्टमनने मला हात जोडले आणि नोटीस पिशवीत टाकली. मला वाटलं, माझ्या हुशारीने गार झाला.

पक्की यादी आली. सोळा नावं जागच्या जागी होती. ती माणसं खरी निघाली, भाडेकरू होती, त्यांनी कागद दाखवले. एकच नाव उडालं. माझंच! म्हणजे मी दिलेलं. सतरात एक म्हणजे बोहनी तरी झाली, म्हणून मी अर्धा किलो पेढे घेऊन घरी गेलो.

“कसले पेढे, जावईबापू?” सासूबाईंनी विचारलं.

“लोकशाही वाचवली, मामी.”

“बरं केलंत हो,” म्हणाल्या, आणि दोन खाल्ले.

मतदानाच्या दिवशी सकाळी साडेसहाला सासूबाई हिरवं काठाचं लुगडं नेसून, कपाळाला अंगारा लावून दारात उभ्या!

“मामी, कुठे?”

“मत द्यायला.”

“तुमचं मत गावाला ना?”

शोभाने तन्वीकडे बघितलं, तन्वीने पंख्याकडे. मला वाटलं, म्हातारीला फिरायची हौस आहे, येऊ दे. केंद्राबाहेर रांग मोठी होती. शेजारच्या मेहतांनी हात केला, “आओ शेठ, आज तो जल्दी आ गये!” मदतीच्या टेबलाशी तन्वीने आजीचं कार्ड पुढे केलं. तिथला माणूस यादीवरून दोनदा बोट फिरवून म्हणाला, “नाव वगळलंय.”

“असं कसं?” तन्वी म्हणाली. “मी स्वतः टाकलंय!”

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. तो बघितला आणि माझं डोकं सणकलं. कार्ड, यादी, काही न बघता मी सुरू झालो. मराठीत झालं, हिंदीत झालं, दुकानात येणाऱ्यांकडून उचललेली गुजरातीही झाली. “एका म्हाताऱ्या बाईचं नाव कापता? कोणी कापलं? त्या हरामखोराला माझ्यासमोर उभा करा! त्याची सही दाखवा मला!” रांग मोडून माणसं जमली. मेहता मोबाइलवर चित्रीकरण करायला लागले.

गर्दीतून त्या शिक्षिकाबाई पुढे आल्या. त्यांनी कार्ड हातात घेतलं, सासूबाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“काका,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “द्रौपदी गोविंद कदम. सही तुमचीच.”

मग सगळं बाहेर आलं. सासूबाईंचं माहेरचं नाव द्रौपदी. लग्नात आमच्या सासऱ्यांनी ताटातल्या तांदळात ‘इंदिरा’ लिहिलं आणि त्या दिवसापासून त्या गावभर इंदिराकाकू झाल्या. पण सरकारी कागद करायची वेळ आली तेव्हा वयाचा पुरावा म्हणून एकच चिटोरं सापडलं, माहेरच्या शाळेचा चौथीचा दाखला. त्यामुळे कागदोपत्री त्या वडिलांच्या नाव-आडनावासकट द्रौपदीच राहिल्या. पंचवीस वर्षं मी त्यांना मामी म्हणतो. मामीचं कागदावरचं नाव विचारायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. खरं सांगायचं तर मी ती आणली नाही.

“मला का नाही सांगितलंत? नाव इथे आणलंत ते?” मी शोभावर ओरडलो.

“सांगितलं असतं,” शोभा म्हणाली. “आईने दोनदा विचारलं होतं तुम्हाला. तुम्ही काय म्हणालात आठवतंय? ‘गावचं नाव गावाला राहू दे. इथे कोण ओळखतं तुम्हाला?’ म्हणून मग तन्वीने केलं, गुपचूप. मत देऊन आल्यावर आई तुम्हाला शाईचं बोट दाखवणार होती. चकित करणार होती तुम्हाला.”

झालो ना चकित!

मला एकच गोष्ट येते, ती मी केली. आत गेलो आणि केंद्राच्या अधिकाऱ्याला गाठलं. “साहेब, मी अजून मत दिलेलं नाही. माझं रद्द करा, यांना देऊ द्या. एकाच्या बदल्यात एक. तुमचा आकडा तोच राहतो.”

“मत बदलून मिळत नाही.”

“पुढच्या दोन निवडणुकांची माझी मतं घ्या. आज यांचं एक द्या.”

“काका, रांग अडते आहे.”

आयुष्यातला हा एकच सौदा मला मनापासून करायचा होता आणि समोरचा भावच सांगेना!

बाहेर आलो. सासूबाई नीलगिरीच्या झाडाखाली खुर्चीवर बसल्या होत्या. मी वाकून म्हणालो, “मामी, मी तुमच्या वतीने देतो. सांगा, कुणाला द्यायचं होतं?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी गिऱ्हाइकाकडे बघतो, तो मूर्खासारखा भाव मागतो तेव्हा.

“ते सांगायचं नसतं, जावईबापू,” म्हणाल्या. “तुम्ही तुमचं द्या जा.”

मी दिलं. परत आलो तर सासूबाई शिक्षिकाबाईंना विचारत होत्या, “नुसती शाई तरी लावतात काय?” बाई म्हणाल्या, “नाही हो आजी.” मग घरी येईपर्यंत सासूबाईंनी डावा हात पदराखालून बाहेर काढला नाही. वाटेत भेटेल तो बोट दाखवत होता.

रिक्षातून उतरताना त्यांनी एकच विचारलं, तेही रागाने नाही. “मी तुमच्याकडे र्‍हात नाय, असं लिहून दिलंत?”

चाळीस माणसांसमोर तीन भाषांत ओरडणारा मी, मला एका भाषेत ‘हो’ म्हणता आलं नाही.

नाव पुन्हा घालायचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी भरला. कागद मागितले त्याच्या दुप्पट दिले, घासाघीस केली नाही. पण एवढ्याने हे मिटत नाही. चार वर्षं एका घरात जेवणाऱ्या बाईला घराबाहेर काढायला एक सही पुरते, आणि ती सही करणाऱ्याला कोणी काही विचारत नाही? म्हणून मी कार्यालयात लेखी तक्रार नेली. तिथल्या कारकुनाने ती वाचली, परत वाचली.

“काका, तक्रार कोणाविरुद्ध?”

“लिहिलंय की खाली.”

“आणि तक्रारदार?”

“तेही लिहिलंय.”

“दोन्हीकडे तुमचंच नाव आहे!”

“मग? छापलंय ना तुम्ही, खोटं लिहिलं तर गुन्हा आहे? बोलवा त्याला! विचारा जाब!”

त्याने तक्रार घेतली नाही, हसून परत दिली. म्हणून इथे जाहीर लिहितो. त्या माणसाला बोलवा, समोर उभा करा आणि त्याच्याकडून उत्तर घ्या. शोधायला त्रास पडणार नाही. सकाळी दहापासून तो दुकानात असतो. दुपारी जेवायला घरी जातो, पण लवकर परततो, कारण हल्ली त्याला घरी कोणी वाढत नाही.