बाळकाकांची काडतुसं

अमेरिकेतल्या शुगर लँडच्या आमच्या मराठी गोतावळ्यात शिकारीला जाणारे एकटे बाळकाका. तेलकंपनीतून रिटायर झालेले इंजिनिअर. पॉटलकला, प्रत्येकाने घरून डबा आणायच्या जेवणाला, कुणीतरी हटकून विचारायचंच, "काका, डब्यात पुरणपोळी की हरीण?" मला त्या पांचट विनोदाची चीड यायची. काका मात्र हसायचे.

बाजारातलं काडतूस त्यांनी कधी वापरलं नाही. गराजमध्ये बसून ते स्वतः भरायचे. पितळी नळी, तिच्यात काट्यावर तोललेली दारू, वर गोळी. दारू कणभर वाढवायची, कणभर कमी करायची आणि नेमबाजीच्या रेंजवर जाऊन गोळी झाडून बघायची. लांबच्या कागदावर भोकं एकमेकांना चिकटली की स्वारी खूश. नियम मात्र कडक. टेबलावर दारूचा एकच डबा, म्हणजे दोन जातींची दारू मिसळायला नको, आणि आपण भरलेलं काडतूस दुसऱ्याला द्यायचं नाही. हात चुकला तर बंदूक तोंडावर फुटते. अपवाद फक्त मुलीचा, चारुताचा. सुचित्राकाकू गेल्यापासून बापलेक दर नोव्हेंबरला हरणांच्या मागे जायचे. त्यांचं वर्षभराचं बोलणं तिथेच व्हायचं.

यंदा ऑक्टोबरात मी परसातली मेथी द्यायला गेलो, तर काका गराजमध्ये नुसते बसून होते. समोर वेगवेगळ्या दारूचे दोन डबे उघडे. चारुताची काडतुसं भरून झालेली.

"कशात कुठली गेली, आठवत नाही रे," ते म्हणाले. "दुसरा डबा कधी उघडला, तेही नाही."

मग हळूच सांगितलं, की डॉक्टरांनी उन्हाळ्यातच स्मृतिभ्रंशाचं निदान केलंय. चारुताला बोलले नव्हते. मला त्यांचा रागही आला आणि रडूही. दुपारभर त्यांनी एकेक काडतूस हातोडीसारख्या हत्यारात अडकवून आपटलं, गोळी सोडवली, दारू ओतून दिली. तेवढं मात्र हातांना बिनचूक येत होतं.

सीझनला चारुता आली. "बाबा, माझी काडतुसं?"

"दुकानातून घे."

"नो वे! आय ओन्ली शूट युअर्स."

तेव्हा काकांनी सगळं सांगितलं. ती रडली, मग त्यांचा हात धरून म्हणाली, "तू भर, मी चेक करते. वुई विल गो टुगेदर, बाबा."

"आणि रायफल हातात असताना शेजारी तू आहेस, हेच विसरलो तर?"

काकांनी रायफलींच्या कपाटाची किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"कुठे ठेवतेस, ते मला सांगू नकोस," ते म्हणाले.