साड्यांच्या कपाटातलं रेकॉर्डिंग

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की आमच्या फ्रेंचच्या सरांचं कपाट आठवतं. आफ्रिकेतल्या फ्रेंच बोलणाऱ्या ख्रिस्ती श्रोत्यांसाठी ते रेडिओवर बायबलवर बोलायचे, आणि आवाज घुमू नये म्हणून पंखा बंद करून, पत्नीच्या साड्यांत तोंड खुपसून रेकॉर्डिंग करायचे; मशीन मी सांभाळायचो. सरांच्या आजारात डॉक्टरांनी आशा सोडल्यावर त्यांनी विषय घेतला मरणाचा. घरी निघालेल्या माणसासारखे निवांत बोलत होते, तेवढ्यात खोकल्याची उबळ आली. मी म्हटलं, "सर, एवढं कापतो." "राहू दे, गाणं थोडंच म्हणतोय," ते म्हणाले. "ऐकणाऱ्यांतही कुणी अंथरुणाला खिळलेला असेल. त्याला कळू दे, बोलणाराही तिथूनच बोलतोय." तो भाग रेडिओवर लागला तेव्हा सर नव्हते. आता खराडीच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांच्या आवाजाची रेकॉर्डिंगं साफ करतो. कुणी खोकलं की कापण्याआधी हात जरा थांबतो.