हुकाला टांगलेला मग

इंग्लंडमधल्या या खेड्यातल्या पबमध्ये बारच्या वर हुकांना जुने मग टांगलेले आहेत, रोज येणाऱ्या गिऱ्हाइकांचे. सुट्टीवर आल्यापासून गावोगावची बिअर चाखत हिंडणं एवढंच मी करतोय. आजची ही तिसरी, किंचित कडवट. तेवढ्यात एक म्हातारा आत आला. मालकाने काही न विचारता त्याचा मग काढला, भरला आणि पुढे ठेवला. म्हातारा खिडकीपाशी बसून निवांत एकेक घोट घेऊ लागला.

बाबांचाही असाच एक पेला होता, स्टीलचा. रविवारी दुपारी जेवणाआधी त्यात बिअर आणि शेजारी वाटीत खारे शेंगदाणे. पेला स्टीलचा, कारण दारात कुणी आलंच तर ताक वाटावं. डॉक्टर म्हणाले होते, "जरा कमी करा." बंद मी केली. त्या पेल्याने आता आमच्याकडे तांदूळ मोजतात.

फोन वाजला. बाबाच होते.

"काय पाहिलंस रे आज?"

"एक जुनं चर्च," मी म्हणालो, आणि हातातला ग्लास आवाज न होऊ देता टेबलावर ठेवला.